उलटं करून बघा

या वेळच्या पत्रांत जुन्या फर्निचरचे प्रश्न इतके आले, की अख्खा भाग त्यांनाच दिला आहे. गेली बावीस वर्षं मी लाकूडकाम करते आणि माझ्या कामातलं निम्म्याहून जास्त लाकूड आधी कुणाचा तरी पलंग, बाक नाही तर कपाट होऊन गेलेलं असतं. त्यामुळे हे प्रश्न वाचताना मला फार आनंद झाला. सगळ्यांना उत्तरं देता आली नाहीत. सारखेच प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: लाकूडकाम नुकतंच शिकलो. वखारीतलं नवीन लाकूड परवडत नाही. जुनं फर्निचर शोधतो, पण जे दिसतं ते एक तर चकचकीत आणि महाग, नाही तर पार मोडकं. तुम्हाला चांगलं लाकूड मिळतं तरी कुठे?

त्या "पार मोडक्या"तच मिळतं. जेवणाच्या टेबलाचा एक पाय गेला की विकणाऱ्याच्या लेखी ते टेबल संपलं. तुमच्या लेखी मात्र वरची अख्खी फळी, तीन पाय आणि खालच्या चौकटीच्या चार पट्ट्या शाबूत आहेत. चकचकीत वस्तूमध्ये तुम्ही तिच्या पॉलिशचे पैसे मोजता आणि घरी आणून तेच पॉलिश खरवडून काढता. म्हणून दुकानात शिरताना "मोडलेलं, अर्धवट, विकलं न गेलेलं काही आहे का?" असं थेट विचारा. मागच्या अंधाऱ्या खोलीकडे बोट दाखवलं गेलं की समजा, योग्य जागी आलात.

दुकानाबाहेरही पुष्कळ जागा आहेत. फर्निचर दुरुस्त करणारे सुतार बदललेले भाग टाकून देतात. शाळा बाक बदलतात, कचेऱ्या जागा सोडतात, हॉटेलं नव्याने सजवली जातात. घर पाडणाऱ्या ठेकेदारांकडे दारं, चौकटी आणि भिंतीतली कपाटं येतात. भाड्याची घरं बदलण्याचे दिवस असतात, तेव्हा लोकांना जड सामान नकोसं झालेलं असतं. अशा माणसांकडे एकदा जाऊन भागत नाही. मी एका दुरुस्तीवाल्याकडे तीनदा रिकाम्या हाताने परतले होते. चौथ्यांदा त्यांनीच फोन करून सांगितलं, "ताई, एक पलंग आलाय, डोक्याकडची बाजू फुटलीय, बाकी ठणठणीत." त्या पलंगातून माझं सगळ्यात लाडकं पुस्तकांचं कपाट झालं. तुमचा नंबर आणि काय हवं त्याचं नेमकं वर्णन, एवढं त्यांच्यापाशी ठेवा. "काहीही चालेल" सांगणाऱ्याला कुणी फोन करत नाही. "पाऊण इंचापेक्षा जाड, अख्ख्या लाकडाच्या फळ्या" असं सांगणाऱ्याला करतात.

रस्त्याकडेला ठेवलेली वस्तू उचलण्याआधी दार वाजवून विचारा. बहुतेक वेळा हो म्हणतात, आणि घरात आणखी एखादी वस्तू असेल तर तीही दाखवतात.

काय घ्यावं याबद्दल माझं मत पक्कं आहे. आधी पलंग. त्याच्या लांब बाजूच्या पट्ट्या गादीएवढ्या, म्हणजे जवळजवळ दोन मीटर लांब, सरळ आणि बिनजोडाच्या असतात. इतकं लांब अख्खं लाकूड जुन्या फर्निचरमध्ये दुसरीकडे क्वचितच मिळतं. मग टेबलांच्या फळ्या, मग कपाटाच्या फळ्या, मग मोठे खण. खुर्च्या मी सहसा लाकडासाठी घेत नाही. दिसायला लाकूड बरंच वाटतं, पण प्रत्येक तुकडा आखूड, वाकडा आणि खाचांनी भरलेला असतो. खुर्ची घ्यायची ती दुरुस्त करून बसायला.

प्रश्न: अख्खं लाकूड, प्लायवुड आणि भुशाचा बोर्ड यांतला फरक दुकानातल्या दुकानात कसा ओळखायचा? एकदा "शिसवी" म्हणून घेतलेलं टेबल घरी कापलं, तर आत भुसा निघाला.

असं माझंही झालं आहे, आणि त्या दिवसापासून मी कुठलीही वस्तू उलटी केल्याशिवाय घेत नाही. लाकडी वस्तू वरून जे सांगते ते सजवून सांगते. खालची बाजू, पाठ आणि खणाच्या आतला भाग यांच्यावर कुणी मेहनत घेतलेली नसते, म्हणून तिथे खरं कळतं.

सगळ्यात आधी फळीचं टोक बघा, म्हणजे जिथे झाड आडवं कापलं गेलं ती बाजू. वरच्या पृष्ठभागावरच्या रेषा काठावरून खाली वळून त्या टोकाशी जुळल्या पाहिजेत. वर एखादी रुंद, कमानीसारखी रेषा असेल, तर टोकाला त्याच जागी झाडाच्या वलयांचा तुकडा दिसायला हवा. वर झकास रेषा आणि टोकाला नुसती उभी पट्टी चिकटवलेली, असं असेल तर वरचं लाकूड कागदासारखं पातळ विनियर आहे. पृष्ठभागावर तीच गाठ किंवा तोच लाटेसारखा आकार शेजारी-शेजारी पुन्हा दिसला, किंवा आरशात पाहिल्यासारखा उलटा दिसला, तरी तेच. एकाच ओंडक्यातून लागोपाठ सोललेले थर शेजारी लावले की असं दिसतं.

मग खालून हात फिरवा. अख्ख्या फळीला खालून रंध्याच्या हलक्या लाटा लागतात, निदान करवतीचे ओरखडे तरी दिसतात. भुशाचा बोर्ड आतून बाहेरून सारखाच सपाट असतो. बिजागरीचा एखादा स्क्रू सैल असेल, तर विचारून काढा आणि भोकातून काय बाहेर येतं ते बघा. लाकडातून तंतू निघतात, बोर्डातून कण झडतात. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू गोंदाने दाबून केलेला बोर्ड, असेल तर पिठासारखी बारीक तपकिरी भुकटी येते. ते १९६०च्या दशकापासून कारखान्यांत बनू लागलं, त्यामुळे त्याआधीच्या वस्तूत ते असलं तर नंतरच्या दुरुस्तीतलंच. भुशाच्या बोर्डापासून मी लांबच राहते. त्यात स्क्रू दुसऱ्यांदा धरत नाही, पाणी लागलं की तो फुगतो, आणि कापताना फॉर्माल्डिहाइडच्या गोंदाची धूळ उडते. प्लायवुडचं तसं नाही. जुनं, न सुटलेलं प्लायवुड कपाटाच्या पाठीसाठी आणि खणांच्या तळासाठी उत्तम.

आणि खण बाहेर काढा. नेहमी काढा! समोरची फळी आणि बाजू जिथे मिळतात, तिथे कबुतराच्या शेपटीसारखे पसरट दात एकमेकांत गुंतलेले असतील, तर तो डव्हटेल जोड. सगळे दात तंतोतंत सारखे असतील तर यंत्राने केलेला. दात जरा लहान-मोठे असतील आणि त्यांच्या मुळाशी फळीभर बारीक कोरलेली रेघ असेल, तर हाताने केलेला. ती रेघ कारागिराने करवत चालवायच्या आधी आखणीच्या हत्याराने ओढलेली असते.

एकदा एका कपाटाच्या तीन खणांच्या पाठीवर मला पटाशीचे छोटे घाव दिसले: एकावर एक, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन. आत कपाटाच्या चौकटीवरही त्याच जागी तसेच घाव होते. कुठला खण कुठे जातो, हे त्या सुताराने स्वतःसाठी लिहून ठेवलं होतं. ते बोटांनी चाचपताना माझ्या अंगावर काटा आला. मी खण अदलाबदल करून घालून पाहिले. फक्त आपापल्या जागीच ते आवाज न करता आत सरकत होते.

स्क्रूवरूनही वयाचा अंदाज येतो. फुलीच्या खाचेच्या स्क्रूचं पेटंट हेन्री फिलिप्सना १९३६ साली मिळालं. असा स्क्रू दिसला तर वस्तू किंवा निदान तिची दुरुस्ती त्यानंतरची. दुकानदार "शंभर वर्षांचं" म्हणत असेल आणि खणाच्या तळापासून बिजागरीपर्यंत सगळे स्क्रू फुलीचे असतील, तर किंमत लाकडाची द्या, वयाची देऊ नका.

प्रश्न: लाकडात टाचणीच्या टोकाएवढी भोकं आहेत. घ्यावं की सोडावं?

आधी हे लक्षात घ्या, की ते भोक कीड बाहेर पडल्याचं आहे. अळी लाकडाच्या आत राहून खाते, आणि जातीप्रमाणे काही महिने ते चार-पाच वर्षं आत काढते. प्रौढ भुंगेरा झाला की पृष्ठभाग फोडून बाहेर येतो. म्हणजे भोकं दिसत असतील तर एक पिढी निघून गेली आहे. प्रश्न एवढाच, की आत दुसरी आहे का.

वस्तूखाली काळा कागद पसरा आणि लाकडी मोगरीने हलकेच ठोका. भोकांच्या कडा काळपट, आत धूळ-मेण बसलेलं आणि कागदावर काहीच नाही, असं असेल तर बहुतेक जुनी गोष्ट. कागदावर ताजी, फिकट भुकटी पडली आणि भोकांच्या कडा स्वच्छ, लाकडाच्या रंगाच्या असतील, तर आत कुणीतरी जिवंत आहे. शंका असेल तर भोकांवर कागदाची पट्टी चिकटवून महिना-दोन महिने ठेवा. नवीन भोक पट्टी फोडून बाहेर येईल. भुकटीऐवजी वाळूच्या कणांसारखे, सहा कडांचे बारीक दाणे पडले, तर ती कोरड्या लाकडातली वाळवी आहे. अशी वस्तू मी दारातूनच परत पाठवते.

पिठासारखी भुकटी पाडणारा लिक्टस भुंगेरा बाहेरच्या फिकट थरातलं स्टार्च खातो, आतल्या गडद गाभ्याला तो सहसा हात लावत नाही. त्यामुळे फळीची फिकट कड कापून टाकली की उरलेला गाभा अनेकदा निर्धोक निघतो. लहान तुकड्यांसाठी संग्रहालयांत वापरली जाणारी रीत घरीही करता येते. तुकडा प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवायचा, आणि बाहेर काढल्यावर तापमान खोलीएवढं होईपर्यंत पिशवी उघडायची नाही, म्हणजे लाकडावर पाणी धरत नाही.

मी हे सगळं इतक्या आग्रहाने सांगते त्याला कारण आहे. एका घाईच्या आठवड्यात एक सुंदर फळी न तपासता मांडणीवर ठेवली. पुढच्या वर्षी खालच्या चार फळ्यांवर पांढरी भुकटी होती, त्यात वडिलांनी जपून ठेवलेली एक होती. तेव्हापासून नवीन आलेली कुठलीही वस्तू महिनाभर वेगळ्या खोलीत राहते. पलंग असेल तर सांधे आणि स्क्रूची भोकं टॉर्चने बघा. काळे ठिपके म्हणजे ढेकूण. तो पलंग घराबाहेरच उघडा.

प्रश्न: वस्तू सोडवताना फळ्या फुटतात. काही युक्ती?

घाई न करणं, हे उत्तर तुम्हाला नको असेल, पण खरं तेच आहे. वस्तू जशी बांधली गेली त्याच्या उलट क्रमाने सुटते, आणि तो क्रम शोधायला अर्धा तास नुसतं बघत बसावं लागतं. मी आधी चारही बाजूंनी फोटो काढते आणि प्रत्येक भागावर खडूने आकडा घालते.

जुन्या कामात सरस असतो, प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून केलेला. उष्णता आणि ओलावा मिळाला की तो मऊ होतो. सांध्यावर गरम, ओलं फडकं दहा-पंधरा मिनिटं गुंडाळून ठेवा, मग कापड लावून मोगरीने हलके ठोके द्या. सांधा हलला की थांबा, पुन्हा फडकं, पुन्हा ठोके. नंतरच्या काळातला पांढरा पीव्हीए गोंद ओलाव्याला तितका बधत नाही, पण तापवला की तोही नरमतो. इपॉक्सी असेल तर सांधा वाचवायचा विचार सोडा, त्याच्या अलीकडून करवतीने कापा.

ठोकण्याआधी सांध्यावर गोल लाकडी खुंटी दिसते का बघा. ती चौकटीतून आणि कुसूतून, म्हणजे दुसऱ्या लाकडाच्या खाचेत बसणाऱ्या जिभेसारख्या टोकातून, आरपार गेलेली असते. ती न काढता ओढलंत तर कुसू मुळातून तुटतो. खुंटी अनेकदा एका टोकाला निमुळती असते. निमुळत्या टोकाकडून ठोकून बाहेर काढायची.

गंजलेला स्क्रू सुटत नसेल तर आधी तो किंचित आवळा, मग सोडवा. त्यानेही हलला नाही तर डोक्यावर सोल्डरिंगची तापलेली सळई मिनिटभर टेकवा. धातू प्रसरण पावतो, थंड होताना गंजाची पकड सुटते. स्क्रू दिसतच नसेल, पण तिथे रेषेशी न जुळणारी लहानशी गोल चकती दिसत असेल, तर स्क्रू तिच्याखाली आहे.

खिळे समोरून उपटू नका. फळी कटावणीने थोडी उचला, परत दाबा. खिळ्याचं डोकं वर राहतं, ते पकडीत धरा आणि पकडीखाली पातळ फळी ठेवून उचला. बिनडोक्याचा बारीक खिळा असेल तर मागून पक्कडीने आरपार ओढून घ्या, समोरचं लाकूड ढलपीसारखं उडणार नाही.

यानंतरचं काम कंटाळवाणं आहे, आणि ते कधीही टाळायचं नाही. करवत लावण्याआधी प्रत्येक फळीवरून चुंबक फिरवा. मी दोरीला बांधलेला छोटा, जोरकस निओडिमियम चुंबक वापरते. आत तुटलेला खिळा असला की तो तिकडे ओढला जातो. चुंबकाला पितळेचा स्क्रू कळत नाही, म्हणून मेटल डिटेक्टर मिळाला तर उत्तम. ओकसारख्या टॅनिन असलेल्या लाकडात लोखंडाभोवती निळसर काळा डाग पडतो, तोही धातूची जागा सांगतो. फिरत्या पात्याला खिळा लागला तर कार्बाइडचा दात तुटून गोळीसारखा उडू शकतो. चष्मा घाला. मी हे माझ्या जवळच्या माणसाला जितक्या काळजीने सांगेन तितक्याच काळजीने तुम्हाला सांगते आहे.

प्रश्न: फळीवर पांढऱ्या, पिवळ्या रंगांचे थर आहेत. घासून काढू का? घरात दोन वर्षांचं मूल आहे.

घासू नका. मूल आहे म्हणून तर मुळीच नाही. जुन्या तेली रंगांत शिसं असायचं, पांढऱ्यात तर फार, पिवळ्या-लालसरातही. अमेरिकेने घरगुती रंगांतल्या शिशावर १९७८ साली बंदी आणली, कित्येक देशांनी त्यानंतर. म्हणजे आपल्या हाती येणाऱ्या जुन्या रंगवलेल्या वस्तूत ते असण्याची शक्यता धरूनच चालायचं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाचा अपायच होत नाही अशी कुठलीही पातळी माहीत नाही, आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याचा सर्वाधिक धोका. कोरडं घासलं की ती धूळ फरशीवर, कपड्यांवर, मुलाच्या हातावर जाते. हॉट गनने फार तापवलं तर शिशाची वाफ होते.

घरगुती तपासणीचा संच मिळतो, शक्य असेल तर प्रयोगशाळेत तुकडा तपासून घ्या. शिसं निघालं तर माझा सल्ला सरळ आहे: ती फळी सोडा. जगात जुनं लाकूड भरपूर आहे. फारच मोलाचं असेल तर घराबाहेर, कणरोधक मुखवटा घालून, पृष्ठभाग सतत ओला ठेवून रासायनिक स्ट्रिपरने काढणाऱ्या जाणत्या माणसाकडे द्या.

रंग नसून पॉलिश असेल तर प्रश्न पुष्कळ सोपा. न दिसणाऱ्या कोपऱ्यावर स्पिरिटचा बोळा मिनिटभर टेकवा. चिकट झालं तर ती चपडी लाख, लाखेच्या किड्यांच्या स्रावापासून होणारी. स्पिरिटनेच ती उतरते. काही झालं नाही तर थिनर लावून बघा. मऊ पडलं तर लॅकर. दोन्हींनी ढिम्म राहिलं तर बहुधा पॉलियुरेथेन, ते खरवडून किंवा रासायनिक स्ट्रिपरने काढावं लागतं.

प्रश्न: मावशी, मी दहावीत आहे. आजीच्या घरातला एक मोडका खण मला मिळाला आहे. माझ्याकडे फक्त हातकरवत, पटाशी आणि पॉलिशपेपर आहे. काय बनवू?

तुझ्या पत्राने मला सगळ्यात जास्त आनंद झाला. तू चित्र काढून त्याप्रमाणे लाकूड शोधायला जाऊ नकोस. आपल्या कामात हे उलटं चालतं, आधी लाकूड काय म्हणतं ते ऐकायचं. खणाच्या चारही फळ्या सोडव, गरम फडक्याची रीत वर दिली आहे. मग प्रत्येकीवर खडूने खराब जागा खूण कर: जोडाचे दात, तळ बसायची लांब खाच, भेगा, भोकं. दोन खुणांच्या मध्ये जी मोकळी लांबी उरेल, तीच तुझी खरी फळी. ती मापं वहीत लिही आणि त्यांत काय बसतं ते ठरव.

खणाच्या बाजू बहुतेक दहा-बारा मिलिमीटर जाड असतात. पेन्सिली, ब्रश, हत्यारं ठेवायच्या छोट्या पेटीला याहून चांगली जाडी नाही. तळाच्या खाचेला तू खराब जागा म्हणून खूण करशील, पण जरा थांब. पेटीची उंची अशी धरलीस की ती खाच खालच्या काठाशी राहील, तर तळ बसवायचं सगळ्यात किचकट काम त्या जुन्या सुताराने तुझ्यासाठी आधीच करून ठेवलेलं आहे.

कोपरे पहिल्यांदा साधे जोड. गोंद आणि दोन-दोन लाकडी खुंट्या. गुण्या नसेल तर आधी तो मिळव, बाकी सगळं नंतर. आणि पटाशी धरताना दोन्ही हात धारेच्या मागे, नेहमी.

प्रश्न: जुनं लाकूड वाळलेलंच असतं ना? मग माझी टेबलाची फळी रंधल्यावर वाकडी का झाली?

नव्या लाकडाला हवेत वाळायला इंचभर जाडीला साधारण वर्ष लागतं, असा सुतारांचा ढोबळ हिशेब आहे. ते वर्ष जुन्या फळीने कधीच पार केलेलं असतं, हे खरं. पण वाळलेलं लाकूडही हवेबरोबर ओलावा घेतं आणि सोडतं. दमट तळघरातून आणलेली फळी कोरड्या खोलीत आकसते, आणि वलयांच्या दिशेने ती वलयांना छेदणाऱ्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट आकसते, म्हणून वाटीसारखी वळते. त्यात तुम्ही एकाच बाजूने रंधलं असणार. दोन्ही बाजूंनी सारखं काढायचं असतं.

फळी आणल्यावर काम करायच्या खोलीतच, खाली-वर हवा खेळेल अशी पट्ट्यांवर ठेवा आणि दर आठवड्याला वजन करा. लागोपाठ दोन-तीन आठवडे वजन बदललं नाही की ती तयार. ओलावा मोजायचं यंत्र नसलेल्यांसाठी यापेक्षा भरवशाची रीत मला माहीत नाही.

प्रश्न: सासूबाईंचं जुनं लाकडी कपाट आहे. दार निखळलंय, एक फळी फुटलीय. ते मोडून त्याच्या लाकडाचं लिहायचं टेबल करावं असं मनात आहे. तुम्ही काय कराल?

मी मोडणार नाही.

कामाला लागून चार वर्षं झाली होती, तेव्हा मी एक लिहायचं मेज मोडलं. एक पाय हलत होता आणि वरची फळी मला हवी होती. मोडताना लक्षात आलं की पायाचा फक्त सरस सुटला होता, कुसू नवा वाटावा इतका धड होता. तासाभराच्या दुरुस्तीचं काम होतं. आतल्या बाजूला एक लहानसा गुप्त कप्पा होता, लाकडी स्प्रिंगने उघडणारा, इतका सुबक की मी तो आजवर पुन्हा करू शकलेले नाही. त्याचे तुकडे मी ठेवले आहेत. माझ्या कामाच्या टेबलावरच्या फळीत आहेत ते, समोर, रोज दिसतील असे.

माझ्या मते वस्तू तेव्हाच मोडावी, जेव्हा तिच्या चौकटीचे बहुतेक सांधे तुटले असतील, किडीने मुख्य भाग पोखरला असेल, किंवा पहिल्यापासूनच ती घाईत ठोकलेली असेल. तुमच्या कपाटाचं यांतलं काहीच नाही. दार निखळलं म्हणजे बिजागरीच्या स्क्रूंची भोकं मोठी झाली आहेत. त्या भोकांत तेवढ्याच जाडीची लाकडी खुंटी गोंद लावून ठोका, रात्रभर ठेवा, काठाशी सपाट करा आणि आधी बारीक भोक पाडून तोच स्क्रू पुन्हा बसवा. फुटलेल्या फळीत गोंद शिरवून शिकंज्यात आवळा. फट राहिली तर त्याच जातीच्या लाकडाची पातळ पाचर, रेषा जुळवून.

लिहायच्या टेबलासाठी एखादा मोडका पलंग शोधा. आणि कपाटाचे खण काढाल तेव्हा त्यांच्या पाठीवर टॉर्च मारून बघा. काही खुणा असतील तर मला जरूर कळवा.